केस खोटी नाही, परवडत नाही

ह्यूस्टनहून एका वाचक भगिनीचं लांबलचक पत्र आलंय. त्यात रिहॅब सेंटरचं नाव आहे, तिथल्या माणसांचीही आहेत, म्हणून जसंच्या तसं छापत नाही. सारांश त्यांच्याच शब्दांत देते:

“ताई, माझी आई ७४ वर्षांची. ग्रीन कार्डवर आमच्याकडेच असते. गेल्या वर्षी पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. मग चालण्याचा व्यायाम नीट व्हावा म्हणून एका रिहॅब सेंटरमध्ये ठेवली. तिथे तीन आठवड्यांत तिला माकडहाडावर बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणारी जखम झाली. आम्हाला कोणी काही बोललं नाही. वास यायला लागला तेव्हा मीच चादर बाजूला करून पाहिलं, तर आत हाड दिसत होतं. पुन्हा हॉस्पिटल, इन्फेक्शन, दोन ऑपरेशनं. त्या सेंटरमधून बाहेर पडून आता चौदा महिने झाले. ती अर्ध्या तासाच्या वर बसू शकत नाही. आंघोळीला दोघांनी धरावं लागतं. मी तीन वकिलांना फोन केले, तिघांनी नाही म्हटलं. एकाने विचारलं, आईंना पगार नव्हता ना? मग अवघड आहे. माझा नवरा भूलतज्ज्ञ आहे. तो म्हणतो, २००३चा कायदा झाला म्हणून आपण टेक्सासमध्ये टिकलो, नाहीतर इथे अंगावर कॉफी सांडली तरी लोक करोडपती होतात. आणि आता तूच कोर्टात जाणार? शिवाय भरतीच्या दिवशी मी कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या केल्या, त्यात एक आर्बिट्रेशनचा, म्हणजे वाद कोर्टाऐवजी लवादाकडे नेण्याचा कागद होता. आई म्हणते, जाऊ दे. आम्ही चुकतोय का? की कोर्ट आमच्यासारख्यांसाठी नाहीच?”

तिघा वकिलांनी नाही म्हटलं यावरून तुम्ही मनाशी एक अर्थ लावलाय, की आपलीच बाजू लंगडी असणार. तो लावू नका. त्या तिघांनी आईंचा एकही कागद पाहिलेला नाही. वय विचारलं, पगार विचारला, काय झालं ते दोन मिनिटं ऐकलं आणि फोन चालू असतानाच हिशेब केला. हिशेब तोट्यात आला. टेक्सासमध्ये हे नेहमीचं आहे. ते का होतं हे नीट समजून घेतल्याशिवाय चौथा फोन करू नका, कारण त्या फोनवर काय बोलायचं ते त्यावरच ठरणार आहे. (मी टेक्सासची वकील नाही. हे सगळं वकिलासमोर बसण्याआधीची तयारी म्हणून वाचा.)

अमेरिकेत दिवाणी दाव्यात सहसा ज्याचा वकील त्यानेच पोसायचा. जिंकलात तरी वकिलाची फी समोरच्याकडून मिळत नाही. म्हणून इजा-अपघाताच्या दाव्यांत वकील टक्केवारीवर काम करतात. पैसे मिळाले तर तिसरा हिस्सा, पुष्कळदा चाळीस टक्के. हरले तर फी शून्य, आणि तोवरचा खर्चही बहुतेक वेळा त्यांनीच केलेला. खिशात पैसे नसलेल्या माणसाला या देशात कोर्टाची पायरी चढता येते ती याच पद्धतीमुळे. पण त्यामुळे एक गोष्ट अशी झाली आहे की दाव्यात दम आहे का हे न्यायाधीशापर्यंत पोचण्याआधीच तो परवडतो का हे वकिलाच्या टेबलावर ठरून जातं.

आता तो २००३चा कायदा. दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे झालेल्या नुकसानीच्या दाव्यांना लगाम घालायचा, या मोहिमेला इथे टॉर्ट रिफॉर्म म्हणतात. टेक्सासमध्ये नव्वदच्या दशकापासून तिने जोर धरला होता. १९९४च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या प्रचारातला तो एक ठळक मुद्दा होता. २००३मध्ये हाउस बिल ४ मंजूर झालं आणि वैद्यकीय दाव्यांत वेदना, मनस्ताप, विद्रूपता, शरीराचं अधूपण यांच्या भरपाईवर कमाल मर्यादा आली. सगळे डॉक्टर मिळून अडीच लाख डॉलर. एका संस्थेकडून अडीच लाख. संस्था कितीही असोत, त्या सगळ्या मिळून पाच लाख. हे आकडे महागाईप्रमाणे वाढत नाहीत. २००३मध्ये अडीच लाखांत जे येत होतं त्याला आज सव्वाचार लाखांच्या वर लागतात. मर्यादा आहे तिथेच.

बुडालेल्या पगाराला आणि उपचारांच्या खर्चाला ही मर्यादा नाही. ऐकायला हे रास्त वाटतं. पण पगार बुडतो कोणाचा? चाळिशीतल्या इंजिनिअरचा. तुमच्या आईंचा नाही, पाळण्यातल्या बाळाचा नाही, घर सांभाळणाऱ्या बाईचा नाही. अशा माणसांचं जे जातं ते जवळजवळ सगळं वेदनेच्या रकान्यात पडतं, आणि मर्यादेची टोपी बसवली आहे ती नेमकी त्याच रकान्यावर. अमेरिकन बार फाउंडेशनचे स्टीफन डॅनियल्स आणि जोआन मार्टिन यांनी टेक्सासमधल्या अशा वकिलांचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांना हेच दिसलं. २००३नंतर अनेकांनी वैद्यकीय केसेस घेणं कमी केलं किंवा सोडलंच, आणि त्याची झळ जास्त करून म्हातारी माणसं, मुलं आणि न कमावत्या बायका यांना लागली. “आईंना पगार नव्हता ना” हे वाक्य तुम्हाला अपमानासारखं लागलं. लागणारच. पण त्या माणसाने कायद्याची वस्तुस्थितीच सांगितली.

खर्चाची बाजूही बघा. दावा दाखल झाला, समोरच्याने उत्तर दिलं, की तिथून १२० दिवसांत तज्ज्ञाचा लेखी अहवाल द्यावा लागतो. तो नाही दिला किंवा कमी पडला, तर दावा कायमचा रद्द होऊ शकतो, आणि वर समोरच्याच्या वकिलाची फी तुमच्या बोकांडी. ज्याचा वकील त्याने पोसायचा हा नियम इथे मात्र तुमच्या विरुद्ध मोडतो. त्यात आणखी मेख अशी की काळजी कशी घ्यायला हवी होती हे नर्स सांगू शकते, पण ती न घेतल्यामुळेच जखम झाली हे सांगायला डॉक्टरच लागतो. म्हणजे पहिल्या चार महिन्यांतच दोन तज्ज्ञ. पुढे साक्षी, जबान्या. खर्च पाच आकडी ठरलेला, आणि केस ज्युरीसमोर गेली तर सहा आकडीही होतो.

धरून चला की वेदनेचे पूर्ण अडीच लाख मिळाले. एक लाख फी, समजा ऐंशी हजार खर्च, उरले सत्तर. त्यातून आरोग्य विमा कंपनी तिने आधी भरलेल्या बिलांचा वाटा मागणार. तडजोड निम्म्यावर झाली तर आईंच्या हातात काही उरेल याची खात्री नाही. ज्या केसमध्ये अशिलालाच काही उरत नाही ती केस प्रामाणिक वकीलही घेत नाही.

म्हणून चौथ्या फोनवर “आईंना फार त्रास झाला” इथून सुरुवात करू नका. त्रासाची किंमत कायद्याने ठरवून टाकली आहे. पुढच्या खर्चाची नाही. आईंना आयुष्यभर किती मदत लागणार आहे ते आधी सांगा. आज त्यांना आंघोळ कोण घालतं? तुम्ही आणि तुमचे यजमान, फुकट. तेच काम पगारी मदतनीसाने करायचं तर आठवड्याचे किती तास? जखम पुन्हा उघडली तर काय? खास गादी, खुर्ची, ड्रेसिंग, घरी येणारी नर्स? हा हिशेब मांडणारे लोक असतात, त्यांना लाइफ केअर प्लॅनर म्हणतात. दावा उभा राहिला तर वकील त्यांना नेमतो. पण कच्चा आकडा तुम्हीच डॉक्टरांकडून लेखी घेऊन तयार ठेवलात, तर वकिलाच्या डोक्यातला गुणाकार बदलतो. तिन्ही फोनवर तुम्ही बहुधा हे बोललाच नाहीत, कारण घरातल्या माणसाच्या सेवेचे पैसे मोजायची आपल्याला सवय नाही.

आता घरातलं भांडण. मला पत्रातला हाच भाग सगळ्यात अवघड वाटला.

तुमचे यजमान खोटं बोलत नाहीत. २००३च्या आधीची काही वर्षं टेक्सासच्या डॉक्टरांसाठी वाईट होती. विम्याचे हप्ते भराभर चढले, विमा कंपन्या राज्य सोडून गेल्या. कायदा झाल्यावर हप्ते उतरले, हेही खरं. आणि दाव्याची भीती फक्त पैशांची नसते. डॉक्टरच्या नावावर भरपाई दिली गेली की ती नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेत कायमची नोंदली जाते. नवीन हॉस्पिटलमध्ये अर्ज करताना रद्द झालेल्या दाव्याचंही स्पष्टीकरण द्यावं लागतं. २००६मध्ये डेव्हिड स्टडर्ट आणि सहकाऱ्यांनी निकाली निघालेल्या १,४५२ वैद्यकीय दाव्यांच्या फायली तपासल्या, तेव्हा ३७ टक्के दाव्यांत वैद्यकीय चूक आढळलीच नाही. त्यातल्या बहुतेकांना पैसेही मिळाले नाहीत, पण म्हणून त्या डॉक्टरांची झोप परत येत नाही. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, तो दोन्ही बाजूंना झोंबणारा: भरपाईच्या प्रत्येक डॉलरमागे ५४ सेंट वकील, तज्ज्ञ, कोर्ट आणि कचेऱ्यांवर खर्च होतात. ही यंत्रणा महाग आहे, संथ आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

पण दोन गोष्टी त्यांच्यासमोर ठेवा. पहिली अशी, की टेक्सासच्या विमा खात्याकडे निकाली दाव्यांची वर्षानुवर्षांची नोंद आहे. बर्नार्ड ब्लॅक, चार्ल्स सिल्व्हर आणि डेव्हिड हायमन यांनी ती तपासली. हप्ते उसळले त्या काळात दाव्यांमध्ये तशी उसळी त्यांना दिसली नाही. कायद्यानंतर राज्यात डॉक्टरांचा लोंढा आला याचाही पुरावा मिळाला नाही, आणि मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, खर्चही उतरला नाही. दुसरी गोष्ट दाव्यांच्या पुराबद्दल. हार्वर्डच्या संशोधकांनी १९८४ सालातले न्यूयॉर्क राज्यातल्या हॉस्पिटलांचे तीस हजारांहून अधिक केसपेपर वाचले. हलगर्जीपणामुळे ज्यांना इजा झाली होती त्यांच्यापैकी दोन टक्क्यांहून कमी लोकांनी दावा लावला होता. म्हणजे नको ते दावे येतात हे खरं, आणि यायला हवेत ते येत नाहीत हेही खरं. सरसकट मर्यादा या दोहोंमध्ये फरक करत नाही. ती खोट्या दाव्याला सहसा लागत नाही, कारण अशा बहुतेक दाव्यांत पैसेच मिळत नाहीत. लागते ती मोठ्या इजेला.

आणि कॉफी. स्टेला लीबेक, अल्बुकर्की, १९९२. वय ७९, तुमच्या आईंपेक्षाही पाच वर्षांनी मोठी बाई. मॅकडोनाल्ड्सची कॉफी १८० ते १९० अंश फॅरनहाइट इतकी गरम ठेवली जायची. ती मांडीवर सांडली, कातडी खोलवर जळाली, दुसरीकडची कातडी काढून लावावी लागली. तिने २०,००० डॉलर मागितले. कंपनीने ८०० देऊ केले. आधीच्या सातशेहून अधिक तक्रारी कंपनीकडे पडून होत्या, हे कोर्टात बाहेर आलं. ज्युरीने दंडापोटी दिलेले २७ लाख डॉलर बातम्यांत गाजले. न्यायाधीशांनी ते ४,८०,०००वर आणले ते कोणाच्या लक्षात नाही. शेवटी तडजोड झाली आणि तिची रक्कम गुप्त राहिली. तिच्या त्या जखमांचे फोटो तुमच्या यजमानांनी एकदा पाहावेत. ते डॉक्टर आहेत, त्यांना दोन सेकंदांत कळेल.

त्यांच्या डोक्यात आणखी एक गल्लत होतेय असं मला वाटतं. २००३चा कायदा विकला गेला तो डॉक्टरांचा चेहरा पुढे करून. गावातला प्रसूतितज्ज्ञ पळून जाईल, मेंदूचा सर्जन मिळणार नाही, अशा जाहिराती होत्या. पण त्या छत्रीखाली, खाटा भाड्याने दिल्यासारखी सेंटरं चालवणाऱ्या कंपन्याही येऊन उभ्या राहिल्या. आईंची तक्रार कोणा डॉक्टरविरुद्ध नाही. रात्रपाळीला तीस माणसांमागे किती मदतनीस ठेवायच्या हे ठरवणाऱ्या ऑफिसविरुद्ध आहे. त्या ऑफिसातल्या कोणाचंही नाव डेटा बँकेत जाणार नाही, कोणाची झोप उडणार नाही. ही बाजू घेऊन तुमचे यजमान नक्की कोणाला वाचवताहेत, हे त्यांना शांतपणे विचारा.

आणि त्याहून चांगलं म्हणजे त्यांना कामाला लावा. २००३वर वाद घालून तुम्ही कधीच जिंकणार नाही आणि जिंकायची गरजही नाही. आईंचं रेकॉर्ड मागवा आणि त्यांच्यासमोर ठेवा. ते मतदार म्हणून नाही, डॉक्टर म्हणून वाचू द्या. भरतीच्या दिवशी कातडी शाबूत होती का? हॉस्पिटलने पाठवताना काय लिहिलं होतं? बेडसोरचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन स्केलवर धोका किती दाखवला होता? कूस बदलल्याच्या नोंदी दर दोन तासांच्या आहेत का, की रात्रभराच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने एकाच वेळी ठोकल्यासारख्या दिसतात? जखम पहिल्यांदा कोणत्या तारखेला लिहिली आणि तेव्हा ती कोणत्या टप्प्यावर होती? हाड दिसणारी जखम एका रात्रीत होत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. २००८च्या ऑक्टोबरपासून मेडिकेअर हॉस्पिटलांना, भरतीनंतर झालेल्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्याच्या बेडसोरसाठी जादा पैसे देत नाही, कारण काळजी घेतली तर तो सहसा टळतो असं मानलं जातं. घरचा माणूस म्हणून कोर्टात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून त्यांचा उपयोग नाही. पण रेकॉर्ड वाचून ते म्हणाले की हे टाळता येत होतं, तर तुमच्या घरातला खटला तिथेच संपला. आणि म्हणाले की नाही, सगळं नीट केलं होतं, तर तेही तुम्हाला कळायला हवं.

मर्यादाच घटनाबाह्य म्हणून उडवता येईल का, असं कोणी सुचवलं तर वेळ घालवू नका. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने आधीची अशी मर्यादा १९८८मध्ये रद्द केली होती. तो धडा लक्षात ठेवूनच २००३मध्ये राज्याची घटना बदलून घेतली. १३ सप्टेंबर २००३, शनिवार, प्रपोझिशन १२ या नावाने मतदान. जेमतेम ५१ टक्क्यांनी पास. इलिनॉय आणि जॉर्जियातल्या मर्यादा तिथल्या सर्वोच्च न्यायालयांनी २०१०मध्ये पाडल्या. कॅलिफोर्नियात १९७५पासून अडीच लाखांवर गोठलेली मर्यादा २०२३पासून दरवर्षी वाढत चालली आहे. उलट फ्लोरिडाने २०२३मध्ये हलगर्जीपणाचे दावे लावायची मुदत चार वर्षांवरून दोनवर आणली. म्हणजे तुमच्या दुखण्याची किंमत तुम्ही कोणत्या राज्यात पडलात यावर. मला हे पटत नाही, पण तुमच्या आईंच्या केसला माझ्या न पटण्याचा काही उपयोग नाही.

उपयोग आहे तो तारखेचा. टेक्सासमध्ये वैद्यकीय दाव्याची मुदत दोन वर्षं. ती आईंना काय झालं हे तुम्हाला कळलं तेव्हापासून मोजायची, असं गृहीत धरू नका. हलगर्जी झाली त्या दिवसापासून किंवा तिथला उपचार संपला तेव्हापासून मोजली जाते. त्यातली सगळ्यात आधीची तारीख धरून चाला. चौदा महिने गेले, म्हणजे दहाहून कमी उरले. शिवाय दावा लावण्याआधी ६० दिवस लेखी नोटीस द्यावी लागते, सोबत रेकॉर्ड बघायची परवानगी जोडून. ती नीट दिली तर मुदत ७५ दिवस पुढे सरकते, पण त्या ७५ दिवसांच्या भरवशावर बसू नका. मुदत तोंडावर आलेल्या केसला सहसा कोणी वकील हात लावत नाही. नकार देणाऱ्या वकिलाकडून नकार लेखी घ्या, म्हणजे कोण काय म्हणालं यावर नंतर वाद होत नाही.

वकील कोणता? जाहिरातीच्या फलकावरचा नव्हे. ट्रकच्या अपघातांत तो वाघ असेल, पण बेडसोरच्या केसमध्ये कूस बदलल्याच्या नोंदी वाचता येणारा माणूस लागतो. नर्सिंग होमच्या (इथे त्याचा अर्थ आजारी, म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी जागा) केसेसच लढणारे वकील असतात. बार असोसिएशनच्या, म्हणजे वकिलांच्या संघटनेच्या, रेफरल सेवेला तसं स्पष्ट सांगून नावं मागा. त्यांच्या ऑफिसात पुष्कळदा नर्सच नोकरीला असते, त्यामुळे रेकॉर्ड तपासायचा पहिला खर्च वाचतो आणि तोट्याचा हिशेब फायद्यात येऊ शकतो. दोन पानांचा तारीखवार घटनाक्रम, जखमेचे फोटो आणि पुढच्या खर्चाचा तो कच्चा आकडा, एवढं पुढे ठेवा. चार पानी पत्र नको. (मला लिहिलंत ते ठीक.)

आर्बिट्रेशनच्या कागदाने घाबरून जाऊ नका. तुम्ही ज्याला रिहॅब म्हणता ती जागा बहुधा स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटी, म्हणजे नर्सिंग होमच्याच प्रकारातली असणार. परवाना कोणता आहे ते आधी बघा. मेडिकेअर किंवा मेडिकेडची (गरिबांसाठीच्या सरकारी विम्याची) मान्यता असलेल्या अशा जागांना २०१९पासून केंद्र सरकारचा नियम आहे: या कागदावर सही केल्याशिवाय भरती करणार नाही असं म्हणता येत नाही, कागद समजेल अशा भाषेत सांगावा लागतो, आणि तीस दिवसांत सही मागे घ्यायची मुभा द्यावी लागते. तीस दिवस केव्हाच गेले, पण कागदात ती मुभा लिहिलीच नसेल तर वकिलाला तो मुद्दा हवा असेल. आणखी एक. सही तुमची आहे, पेशंट आई होत्या, आणि त्या शुद्धीवर होत्या. त्यांच्या वतीने असं काही मान्य करायचा अधिकार तुमच्याकडे लेखी होता का? नसेल तर ती सही त्यांना बांधते का, यावर वाद घालता येतो. आणि ती बांधली तरी लवादासमोर पैसे मिळतात. ज्युरी मिळत नाही, एवढंच. हे “एवढंच” मोठं आहे, पण केस संपत नाही.

वकील मिळो न मिळो, एक दार फुकट आहे. टेक्सास हेल्थ अँड ह्यूमन सर्व्हिसेस कमिशनकडे तक्रार करायला वकील लागत नाही, तज्ज्ञाचा अहवाल लागत नाही, पगार होता का हे कोणी विचारत नाही. नर्सिंग होमला केंद्राचा नियम असा आहे की तिथे राहताना पेशंटला बेडसोर होता कामा नये. टाळणं वैद्यकीयदृष्ट्या अशक्य होतं हे दाखवता आलं तरच सूट. तपासनीस जातात, कागद पाहतात, दोष सापडला तर लिहून ठेवतात, आणि तपासणीचे अहवाल मेडिकेअरच्या केअर कम्पेअर या साइटवर कोणालाही वाचता येतात. आधी तिथेच त्या सेंटरचं नाव टाकून बघा. याआधी कोणाच्या आईला हेच झालं होतं का, ते कळेल. तक्रारीतून तुम्हाला दमडीही मिळणार नाही, हे मात्र आधीच समजून असा.

आता आई. तुमच्या पत्रात तीन वकील बोलतात, यजमान बोलतात, तुम्ही बोलता. आईंच्या वाट्याला दोन शब्द आलेत: जाऊ दे. दावा मात्र कायद्याने त्यांचा आहे. तुमचा नाही. त्यांची बुद्धी शाबूत आहे असं पत्रावरून दिसतं, तर अशिलाच्या जागी सही त्यांची लागेल, वकील निर्णय त्यांना विचारेल, उलटतपासणीत त्यांनाच त्या तीन आठवड्यांबद्दल विचारतील. “जाऊ दे”चा अर्थ थकले असाही असतो आणि तुमच्या दोघांत माझ्यामुळे भांडण नको असाही असतो. यजमान घरी नसताना विचारा. त्यांना काय हवंय? पुढच्या सेवेसाठी पैसे हवे असतील तर दाव्याचा रस्ता आहे. दुसऱ्या कोणाचं असं होऊ नये असं वाटत असेल तर राज्याकडची तक्रार त्याला जास्त जवळची आहे. आणि कोणीतरी येऊन “आमचं चुकलं” म्हणावं एवढंच हवं असेल, तर आधीच सांगते, ते कोर्टातून मिळणं कठीण. टेक्सासमध्ये सहानुभूतीचे शब्द पुरावा म्हणून वापरता येत नाहीत, चुकीची कबुली मात्र वापरता येते. म्हणून तिथली माणसं वाईट वाटलं म्हणतील, चुकलो म्हणणार नाहीत. तडजोडीच्या कागदावरही कोणताही दोष मान्य नाही हे कलम असतं, आणि बहुतेकदा तोंड बंद ठेवायचंही.

त्यांनी सगळं ऐकून पुन्हा “जाऊ दे” म्हटलं, तर तो त्यांचा निर्णय, आणि मग चौथा वकील शोधू नका. पण रेकॉर्डचा अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नका. केंद्र सरकारच्या कायद्याप्रमाणे सेंटरने साधारण तीस दिवसांत ते द्यायला हवं, फार तर आणखी तीस दिवस मागतील, आणि तुमच्याकडे घालवायला तेवढे महिने नाहीत. अर्ज उद्याच लिहा. पूर्ण रेकॉर्ड मागा, नर्सिंगच्या नोंदी आणि कूस बदलल्याच्या तक्त्यांसकट. त्याच्यावर सही आईंचीच लागते, तेव्हा तो कागद घेऊन त्यांच्याजवळ बसाल तेव्हा हे बोलणं काढायला वेगळं निमित्त शोधावं लागणार नाही.